शकूमावशीची परात, थाळी आणि बशी

नारायणगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, मिक्सर, पंखे, जे जळेल ते आमच्याकडे येतं. दुकानाच्या भिंतीला तीन काळ्या तबकड्या टांगलेल्या आहेत, एक मोठी, एक मधली आणि एक अगदी लहान. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाऊ, हे काय, डिश टीव्हीचं हाय का?" मी सांगतो, "नाही, शकूमावशीची भांडी आहेत." मग निम्मे लोक हसतात, कारण जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी इंजेक्शन टोचलेलं आहे.

शकूमावशी आमची वारूळवाडीची शेजारीण. सरकारी नर्स होती. उभी नोकरी तिने पश्चिमेच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर काढली आणि निवृत्त होऊन घरी बसली. बसली असं आपलं म्हणायचं. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीला फूल वाहून झालं की ती पदर खोचून गल्लीत यायची आणि समोर येईल त्याला पकडायची. "डोळा दाखव." तुम्ही दूध आणायला निघालेले असा की बँकेत, ती अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढणार, आत बघणार आणि जाहीर करणार, "पांढराफटक आहे. पालक खा." माझी पापणी तर तिने इतक्या वेळा ओढली की उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा दिसतो, असं माझी बायको म्हणते.

तिची दुसरी सवय बिनसाखरेच्या चहाची. साखरेचा आजार तिला स्वतःला नव्हता, पण लोकांना धाक दाखवायला ती बिनसाखरेचाच प्यायची आणि कुणी चुकून साखर घातली तर कप तसाच ठेवायची. शिवाय वर भाषण. तिच्यासाठी चहा टाकायचा म्हणजे घरातल्या बायकांना परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

एक दिवस ही बाई माझ्या दुकानात आली आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर कुणी एक गोरा समुद्रकिनारी काठीला धातू हुडकणारी तबकडी लावून फिरत होता आणि वाळूतून अंगठ्या काढत होता.

"दिल्या, हे मशिन मागवायचंय."

"मावशी, आपल्याकडं समुद्र कुठाय?"

"समुद्र नसला म्हणून माणसं वस्तू हरवायची थांबलीत का? कांदा काढताना, ऊस तोडताना, टोमॅटो बांधताना बायकांचं काय काय पडतं, मला विचार. आणि तुझा धंदा कॉईलचा आहे, म्हणून तुझ्याकडं आले. डोळा दाखव."

मशिन आलं. सुरुवातीला शिकणाऱ्यांसाठी असतं तसलं, स्वस्तातलं, दोन-तीन बटणांचं. त्याबरोबर मधल्या मापाची कॉईल, म्हणजे ती खालची तबकडी, होती. त्याला लहान-मोठ्या कॉईलही बसतात हे कळल्यावर तिने मला विचारलं, आणि मीही तांब्याच्या तारेत आयुष्य घालवल्याच्या तोऱ्यात सांगून टाकलं की मोठी घ्या, मोठी कॉईल खोलवर बघते. यात खोटं काही नव्हतं. मोठी कॉईल आली. तिने ती हातात तोलली आणि म्हणाली, "ही तर परात झाली!" मग मधलीचं नाव आपोआप थाळी झालं.

परातीने आमची पहिली फजिती पेठला केली. तिथे एका लग्नात नवरदेवाची अंगठी मांडवात पडली. मांडव निघाल्यावर त्या मैदानात आम्ही उतरलो. मांडववाल्यांचे खिळे, सोडावॉटरची बुचं, तारांचे तुकडे, सगळं तिथेच. परात एवढी रुंद की एकाच वेळी चार वस्तूंवरून फिरायची आणि चौघांचा मिळून एकच गोंधळ ऐकवायची. शिवाय जड. मावशीचा खांदा भरून आला, मला घाम फुटला, आणि आम्ही दिवसभर खिळे वेचले. संध्याकाळी अंगठी करवलीच्या पर्समध्ये सापडली. तिने ती जपून ठेवली होती आणि विसरली होती.

येताना मावशी स्कूटरवर मागे खांदा चोळत बसली होती. मला वाटलं, आता मशिन विकायला काढते. वारूळवाडी आली तशी म्हणाली, "परातीचा दोष नाही रे. तान्ह्या बाळाला आपण म्हशीची सुई टोचायला गेलो." आठ दिवसांत सगळ्यात लहान कॉईल मागवली. ती बशी. बशी खोल बघत नाही, फार जागाही व्यापत नाही, पण खिळ्याला खेटून अंगठी पडली असेल तर दोघांचे आवाज वेगळे ऐकवते. तेव्हापासून कुठेही बोलावणं आलं की मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. काय हरवलं हे ती नंतर विचारायची, आधी विचारायची, "तिथं कचरा किती आहे?" स्वच्छ मोकळं रान असलं की परात, कांद्याचा वाफा असला की थाळी, घराच्या आसपास असलं की बशी.

तिचे काही नियम होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याचं हरवलं त्याने स्वतः हजर राहायचं आणि मशिन वाजेल तिथे स्वतःच्या हाताने उकरायचं. शोध चालू असताना कुणावर संशय आहे त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की ती मशिन बंद करायची. आणि वस्तू सापडली की चहा-पाणी, पेढे, काही करायच्या आधी, ज्याच्यावर आळ घेतला असेल त्याच्या दारात जाऊन सांगून यायचं. फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही. हा शेवटचा नियम मला जरा जास्तच वाटायचा. एकदा तसं बोललोही. "तू गाडी चालव," एवढंच उत्तर मिळालं.

गुप्तधनवाले तर येणारच होते. आमचा मुलूख जुना, प्रत्येक डोंगराच्या पोटात हंडा आहे असं मानणारे लोक पावलोपावली. एकदा काळी काच लावलेल्या गाडीतून दोघेजण आले, गळ्यात साखळ्या. "मावशी, जागा आमची, मशिन तुमचं. निम्मं निम्मं." मावशीने त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग एकाची पापणी ओढली, दुसऱ्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

"जमिनीतलं जुनं ते सरकारचं," ती पंप दाबत म्हणाली. "आणि तुझं प्रेशर बघ, राव. तिथं हंडा निघाला असता ना, तर हा तिथंच आडवा झाला असता. मी हरवलेलं शोधते. पुरलेलं नाही."

दोघे मुकाट्याने गेले. त्यातला रक्तदाबवाला पुढे दर महिन्याला तपासून घ्यायला येऊ लागला.

आता जनाबाईची गोष्ट. शकूमावशी म्हटलं की मला तीच आठवते.

भीमाशंकरच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथली भातशेती पडकईवर चालते. पडकई म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही. हात द्यायचा आणि हात घ्यायचा. लावणीच्या दिवसांत ज्याला पडकई नाही त्याचं शेत पडून राहतं, कारण चिखलातली रोपं दोन हातांनी लावून होत नाहीत. त्या वाडीतली जनाबाई मे महिन्याच्या शेवटी एस्टीने वारूळवाडीला आली आणि मावशीच्या ओट्यावर बसून राहिली. पाणी दिलं तरी हातातच धरून बसली.

तिच्या शेजारणीचं, चंद्राबाईचं, सोन्याचं डोरलं गेलं होतं. पोत तुटली म्हणून चंद्राबाईने डोरल्याच्या दोन वाट्या फडक्यात बांधून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या, घोडेगावच्या बाजारात ओवून घ्यायच्या म्हणून. दुसऱ्या दिवशी भाताच्या राबाच्या कामाला पडकईच्या बायका आल्या होत्या. जनाबाई मध्येच पाणी प्यायला गोठ्यातून चंद्राबाईच्या घरात गेली. एकटी. संध्याकाळी कोनाडा रिकामा.

"त्वांडावर कोन बोलत न्हाई, नर्सबाई," जनाबाई म्हणाली. "पन मला कुनी कामाला बोलवंना. माझ्याकडंबी कोन यायचं न्हाई आता. घरात म्हातारा सासरा आन् मी. मालक आन् पोरगं तिकडं भिवंडीला. लावणी कशी करू? आन् लावणीचं सोडा, मी चोर व्हय?"

जनाबाईचं पोरगं मावशीच्याच हातावर जन्मलेलं. मावशीने तिची पापणी ओढली नाही. सरळ फोन उचलला.

"चंद्रे, मी शकू नर्स. तुझी सगळी बाळंतपणं मी केलीत, आठवतंय ना? उद्या मशिन घेऊन येते. घरीच थांब."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिन्ही भांडी घेऊन वाडीत पोचलो. चंद्राबाई अंगणात उभी होती, गळ्यात साध्या दोऱ्यात ओवलेले नुसते काळे मणी. बाई वाईट नव्हती, पण चेहरा आवळलेला. आल्या आल्या तिने तिच्या आणि जनाबाईच्या घरांमधली पायवाट दाखवली. "हितं बगा. हितंच पडलं आसंल. कुनाच्या वटीतनं..."

"नाव घेतलंस तर मी चालले," मावशी म्हणाली.

पायवाट मोकळी होती म्हणून परात लावली. पण तिथली माती तांबडी, लोखंडी. परात जमिनीला टेकायच्या आधीच ओरडायला लागली. थाळी लावून अंगण झालं, गोठा झाला, गोठ्यामागची गटार झाली. एक नाणं, म्हशीच्या साखळीची कडी, बस्स. ऊन वर आलं. वाडीतल्या बायका कुंपणाला टेकून बघत होत्या, आणि जनाबाई त्यांच्यापासून लांब, स्वतःच्या दारात नाचणी पाखडत बसली होती. वर बघत नव्हती. खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. डोरलं नाही मिळालं तर आमच्या येण्याने त्या बाईवरचा आळ पक्काच होणार होता. मशिन फिरवूनही सापडलं नाही, म्हणजे ते नेलंच, असंच लोक म्हणणार.

मावशीने मशिन बाजूला ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. पेशंटला विचारतात तशा आवाजात म्हणाली, "चंद्रे, त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंस, सांग मला."

"काय करनार? गोठा झाडला. शान काडलं. पाट्या भरल्या. बाया आल्या, राबाव नेऊन टाकल्या."

"गोठा झाडलास तो केर कुठं टाकलास?"

"शानात. आमी आनी कुठं टाकनार? समदं राबालाच जातं."

हे बोलता बोलता ती थांबली. कुंपणावरच्या बायका राबाच्या दिशेने बघायला लागल्या.

राब म्हणजे भाताचं रोप ज्या तुकड्यात पेरायचं तो तुकडा. पावसाच्या आधी तिथे शेण, पालापाचोळा, गवत असे थर रचून भाजतात. त्या डोंगरात घरातला, गोठ्यातला एकही केर वाया जात नाही. वर्षभर सगळं शेणात आणि शेवटी राबावर. उंदराने किंवा वाऱ्याने फडकं कोनाड्यातून खाली पाडलं असेल, आणि चंद्राबाईने स्वतःच्या खराट्याने डोरलं झाडून, पाटीत भरून, राबावर टाकून भाजलं असेल. राब काळा होऊन पडला होता. चार दिवसांत तो नांगरून पेरायचा होता, मग ते कायमचं गेलं असतं.

मी घाईने परात जोडायला लागलो. राबाचा तुकडा मोठा होता, लवकर उरकावं म्हणून. मावशीने माझ्या हातावर चापट मारली.

"राब केवढा आहे ते बघू नकोस. त्यात वर्षाचा केर आहे. बशी दे."

बशीने राब बघायचा म्हणजे हातरुमालाने ओसरी पुसायची. वितीवितीने ती सरकत होती, मागे चंद्राबाई गुडघ्यावर बसून राख उकरत होती. बैलाच्या नालाचा खिळा. दाढीचं पातं. डब्याचं झाकण. मग एक नाजूक, मऊ आवाज आला, सोन्याला येतो तसाच. चंद्राबाईने उकरलं. निघाली कडेने करपलेली गोळ्यांची पट्टी. लोहाच्या गोळ्या. सगळ्याच्या सगळ्या जागेवर.

मावशीने मशिन कमरेवर टेकवलं. "ह्या कोणाच्या?"

"सुनंच्या आसतील..."

"दवाखान्यातून दिलेल्या! मी उन्हातान्हात ह्या पट्ट्या घरोघर वाटत आयुष्य घालवलं, आणि तुम्ही राबाला घालता? भाताला रक्त कमी आहे का?"

कुंपणावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चंद्राबाईही हसली असती, पण तिचं त्राण संपलं होतं. तशा पट्ट्या अजून निघाल्या, आणि प्रत्येक पट्टीला ओरडा मिळाला.

ऊन कललं तेव्हा बांधाच्या कडेला पुन्हा तसाच मऊ आवाज आला. चंद्राबाईने राखेत बोटं घातली आणि तशीच राहिली. मूठ उघडली तर काजळी धरलेली एक वाटी. लुगड्याला घासली, पिवळी झाली. दुसरी वाटी जवळच एका खिळ्याला चिकटून होती. परात असती तर खिळा म्हणून सोडून दिली असती. मला एवढं हलकं वाटलं की मी त्या राखेतच बसलो.

चंद्राबाई रडायला लागली. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी चुलीवर चहाचं आधण ठेवायला पळालं. मावशीने तिची पापणी ओढली. "रक्त तुझंही कमीच आहे. रडणं नंतर. आधी जा."

"कुठं?"

मावशी बशीवरची राख पुसायला लागली. चंद्राबाईने दोन घरांमधल्या पायवाटेकडे बघितलं. राखेने माखलेले हात, विस्कटलेले केस, तशीच निघाली. ती वाट चार पावलांचीच, पण तिला ती किती लांब वाटली असेल! जनाबाई सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही.

"जने," चंद्राबाई दारात उभी राहून म्हणाली. "घावलं. माज्याच राबात व्हतं. म्याच झाडून टाकलं व्हतं."

जनाबाईने सूप खाली ठेवलं. "घावलं नव्हं? बरं झालं." आवाज कोरडा होता. चंद्राबाई दारातून हलली नाही.

"यंदा लावणी आदी तुझी," चंद्राबाई म्हणाली. "समद्या येतो आमी. माजी मागनं."

वाडीत पहिली लावणी कुणाची, यावरून भांडणं होतात. रोप वेळेवर लागणं म्हणजे वर्षाचं भात. जनाबाईने मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायका एकेक करून तिच्या अंगणात शिरल्या.

चहा आला तेव्हा मावशीने कप परत केला. मला वाटलं, साखर पडली असेल. "तुझा चहा लावणीला पिईन, चंद्रे," ती म्हणाली आणि स्कूटरवर जाऊन बसली.

परतताना घोडेगावच्या अलीकडे तिने मला गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला उभी राहून पाणी प्यायली. मग एकदम म्हणाली, "माझ्या आईवर चांदीच्या वाळ्याचा आळ आला होता. ज्यांच्याकडं ती खळ्यावर राबायची, त्यांच्याकडं. पुढं तो वाळा त्यांच्याच भुशात सापडला. गावभर झालं. पण आमच्या दारात येऊन सांगितलं नाही कुणी. आई मरेपर्यंत त्या घरावरून जाताना मान खाली घालून जायची. वाळा सापडला होता तरी." बाटलीचं झाकण लावून तिने ती पिशवीत टाकली. "चल. बशी नीट ठेवलीस ना?"

मी गाडी चालू केली. त्या नियमाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या दिवाळीनंतर मावशी लेकीकडे नागपूरला राहायला गेली. तिथे ती धडधाकट आहे, आठवड्याला फोन करते आणि फोनवरून डोळा दाखवायला सांगते. मशिन मात्र माझ्याकडे ठेवून गेली. "तिथल्या मातीचं मला काही कळत नाही," म्हणाली. बोलावणं आलं की मी जातो, आणि तिचे नियम पाळतो.

पण तिची आठवण काढली की मला ती नागपूरला जाणारी मावशी दिसत नाही. त्याआधीच्या जुलैमधली दिसते. तेव्हा ती सकाळीच माझ्या दारात येऊन उभी राहिली होती, प्लास्टिकचा कोट घालून. "वाडीला जायचंय." खरोखर सगळ्या येतात का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा जनाबाईच्या खाचरात बायकांची अख्खी ओळ वाकलेली होती. ओळीच्या कडेला चंद्राबाई, गळ्यात डोरलं, आणि तिच्या शेजारी जनाबाई. दोघी हसत कुणाची तरी टिंगल करत होत्या. बहुतेक आमचीच.

चंद्राबाईने मावशीला बघितलं आणि चिखलातूनच हाक मारली, "नर्सबाई, च्या राह्यलाय तुमचा!"

जनाबाईच्या सासऱ्याने किटली आणली. चहा एवढा गोड होता की माझ्या दातांना कळ लागली. मी मावशीकडे बघितलं. आता म्हाताऱ्याची शाळा घेणार, असं मला वाटलं. ती बांधावर बसली, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि त्या ओळीकडे बघत सावकाश सगळा प्यायली. मग बशी पुढे केली.

"अजून आहे का?" तिने विचारलं.